गोचीडतापानंतर बंड्यासाठी काय काय वापरलं, आणि त्यातलं काय उपयोगी पडलं

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते. आमच्या कुत्र्याला, बंड्याला, वाचवणारं औषध आमच्या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त होतं. गोचिडी मारणारी, तीन महिने असर टिकणारी महागडी गोळी चांगली आहे, अजून चालू आहे आणि पुढेही चालू राहील. पण ताप उलटू नये म्हणून सगळ्यात जास्त कामाला आलं ते गवंड्याकडून कंपाउंडच्या दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घेणं. हा खर्च पेट शॉपच्या बिलात येत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

बंड्या आमचा जर्मन शेफर्ड. वय पाच, वजन तीस किलोच्या आसपास. आम्ही साताऱ्यात जुन्या बैठ्या घरात राहतो. पुढे ओटा, भोवती काळ्या दगडाचं कंपाउंड, आणि त्या कंपाउंडच्या सावलीला गल्लीतली कुत्री दिवसभर पसरलेली. पावसाळा सरता सरता बंड्याने जेवण अर्धं टाकायला सुरुवात केली. फाटक वाजलं तरी उठेना. मग एका सकाळी त्याच्या एका नाकपुडीतून रक्त आलं आणि थांबेचना. उताणा केला तर पोटावर, जिथे केस विरळ असतात तिथे, टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके. हिरड्या पांढुरक्या. तुमच्या कुत्र्याला असे ठिपके दिसले तर उद्यावर टाकू नका. गरमीचं पुरळ असेल म्हणून पावडर लावत बसणारे लोक मी पाहिलेत.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स 18 हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण 2 ते 5 लाख असतात. इथे एक गोष्ट डॉक्टरांनी छान समजावली. नमुन्यात प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या की यंत्र त्या कमी मोजतं, त्यामुळे नुसत्या यंत्राच्या आकड्यावर विसंबायचं नाही. त्यांनी काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिलं. आकडा खराच होता. निदान निघालं एर्लिकिया.

आपल्याकडे ‘गोचीडताप’ म्हणताना दोन-तीन वेगळे रोग एकाच पोत्यात भरले जातात. एर्लिकिया हा जिवाणू आहे, तो पांढऱ्या पेशींत राहतो. बबेसिया हा वेगळाच परजीवी, तो तांबड्या पेशी फोडतो. दोन्ही गोचिडीतूनच येतात आणि कधी कधी जोडीने येतात, पण औषधं वेगळी. म्हणून ‘टिक फिव्हर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. रिपोर्टमध्ये नेमकं काय निघालं ते विचारा. शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी आणून तीच औषधं देण्यात अर्थ नाही.

जर्मन शेफर्डना एर्लिकिया जास्त जड जातो, हे मला तेव्हाच कळलं. हा रोग कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा 1935 साली अल्जेरियात ओळखला गेला. पण त्याचा खरा दरारा बसला तो व्हिएतनाम युद्धात, जेव्हा अमेरिकन लष्कराची कुत्री त्याने मोठ्या संख्येने दगावली. त्यांत भरणा शेफर्डचाच होता. रात्री दोन वाजता मोबाइलवर हे वाचू नये असं माझं मत आहे, पण वाचलं.

तर औषध. डॉक्सिसायक्लिन. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं तेच. डोस वजनावर ठरतो, साधारण एका किलोला दिवसाला 10 मिलिग्रॅम, म्हणजे बंड्याला 300. कोर्स 28 दिवसांचा. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, आठवडा संपायच्या आत तो फाटकापर्यंत जाऊन भुंकायला लागला, आणि अवघड काम तिथून पुढे सुरू झालं. कारण कुत्रा बरा दिसायला लागला की घरातल्या प्रत्येकाला वाटतं, आता कशाला गोळ्या कोंबायच्या? जिवाणू मात्र प्लीहेत दबा धरून बसलेला असू शकतो. कोर्स अर्ध्यावर सोडलेला कुत्रा महिनोन्‌महिने वरून ठणठणीत दिसतो, आणि पुढे रोग जुनाट होऊन अस्थिमज्जाच रक्त बनवणं कमी करते. त्या टप्प्यावर हीच स्वस्त गोळी पुरी पडेल याची खात्री नसते. तारीखवार रकाने आखून कागद फ्रिजवर चिकटवा.

ही गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही आणि कोरडी घशात ढकलायची नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. आम्ही भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायचो आणि वर पाणी पाजायचो. आमचं भांडण झालं ते दह्यावरून. सासूबाई बंड्याला रोज दहीभात देतात आणि औषधांची उष्णता म्हणून तेव्हा जास्तच द्यायला लागल्या. कॅल्शियममुळे डॉक्सिसायक्लिन अंगी कमी लागतं, हे त्यांना पटेना. “अगं, एवढी कडक गोळी, पोटाला थंड काही नको का?” म्हटलं, “आई, थंड द्या की, पण दुपारी द्या. गोळी सकाळ-संध्याकाळची आहे.” शेवटी दुपारचा दहीभात कायम झाला आणि दोघींचं समाधान झालं. दूध, पनीर, कॅल्शियमचं टॉनिक, लोहाचं सिरप, सगळ्याला हाच नियम. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

मध्यंतरी हिमोग्लोबिन 6 वर आलं (12च्या वर हवं) आणि रक्त द्यावं लागलं. त्यासाठी पुण्याला नेलं. अलीकडच्या गल्लीतल्या काकांचा लॅब्रॅडॉर दाता म्हणून सोबत आला. दाता धडधाकट, साधारण पंचवीस किलोच्या वरचा, लसीकरण झालेला आणि गोचिडीच्या रोगांसाठी तपासलेला लागतो. कुत्र्यांचेही रक्तगट असतात. पण दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज) त्यांच्या रक्तात सहसा आधीपासून नसतात, म्हणून पहिल्यांदा दिलेलं रक्त बहुधा निभावून जातं. दुसऱ्या वेळी मात्र जुळवणी केल्याशिवाय देत नाहीत. तुमच्या ओळखीत असा मोठा कुत्रा कोणाकडे आहे, हे आजच विचारून ठेवा. ऐन वेळी फोन फिरवताना हात थरथरतात.

पपईच्या पानांच्या गोळ्या आम्हीही दिल्या. सगळेच देतात. प्लेटलेट्स वाढल्या, पण त्या डॉक्सिसायक्लिनच्या पाठोपाठ वाढणारच होत्या, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते सांगता येणार नाही. गुण द्यायचेच तर पाचापैकी दीड, तेही काही बिघडलं नाही म्हणून. लिव्हर टॉनिकबद्दल मला मतच नाही. गोचीडनाशक शॅम्पूने अंघोळीच्या दिवशी बऱ्याच गोचिडी मरतात आणि चार दिवसांनी नव्या चढतात.

आता ज्या गोळीबद्दल मला सगळे विचारतात ती. फ्लुरालेनर, बाजारात ब्रेव्हेक्टो नावाने येते. चघळायची गोळी, वजनाच्या गटाप्रमाणे, 20 ते 40 किलोला 1000 मिलिग्रॅमची. असर 12 आठवडे. कोर्स संपून बंड्या सावरल्यावर डॉक्टरांनी सुरू केली आणि तेव्हापासून एकही फेरी चुकवलेली नाही. भरल्या पोटी द्यायची, म्हणजे नीट अंगी लागते. बंड्या बिस्किटासारखी खातो. पोटातून जाणारी असल्याने पावसात भिजलं, अंघोळ घातली, तरी असर धुऊन जात नाही. साताऱ्याच्या पावसात ही फार मोठी सोय आहे. अंगावर फवारायच्या औषधांचं इथे जुलै-ऑगस्टमध्ये काही खरं नसतं.

पण ही गोळी काय करत नाही ते नीट समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल. ती गोचिडीला पळवून लावत नाही. गोचीड चढते, चावते, रक्ताबरोबर औषध तिच्या पोटात जातं, मग ती मरते. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावर अधूनमधून चालती गोचीड दिसणं म्हणजे गोळी फेल गेली असं नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. एर्लिकिया चावल्यापासून काही तासांतच कुत्र्यात उतरू शकतो, आणि गोचीड मरायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे गोळीमुळे धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. लस तर नाहीच, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. चढूच न देणारी, पर्मेथ्रिनची मानेवर लावायची औषधं मिळतात, पण ती मांजरांना विषारी. आमच्या ओट्यावर शेजारची मनी बंड्याला टेकून झोपते, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

अजून दोन सूचना. मोठ्या वजनाची एक गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत अर्धी-अर्धी करू नका. उत्पादकच ती तोडायची नाही असं सांगतात. आणि कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. फ्लुरालेनरच्या गटातल्या सगळ्याच औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2018 मध्ये इशारा दिला होता की काही जनावरांत थरथर, तोल जाणं, फिट येणं असे प्रकार दिसलेत. बंड्याला असं काही झालं नाही. किंमत मात्र चांगलीच बसते.

आणि आता भिंत. कुत्र्यांची ही तपकिरी गोचीड गोठ्यातल्या गोचिडीसारखी एकाच जनावरावर आयुष्य काढत नाही. ती प्रत्येक टप्प्याला कुत्र्यावर चढते, रक्त पिते, खाली उतरते, कात टाकते आणि पुन्हा चढते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडून फटीत जाते आणि चार हजारांपर्यंत अंडी घालते. ती उंचावरही चढते, दाराची चौकट, पडद्यामागचा कोपरा, दगडी भिंतीच्या वरच्या फटी. उपाशी मोठी गोचीड कित्येक महिने तशीच तग धरून बसते. हे सगळं कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुत्र्यावर दिसते त्याच्या कितीतरी पट फौज घरात असते, आणि आपण मात्र सगळे पैसे कुत्र्यावर खर्च करतो.

आमच्या मामांचा गोठा आहे. ते म्हणाले, “फ्लेम गन फिरव भिंतीवरनं, झालं काम.” गोठ्यात ते तसंच करतात आणि मोकळ्या दगडी भिंतीला ते उत्तम आहे. कंपाउंडला आम्हीही मामांनाच बोलावून फिरवून घेतली. पण ओट्यावर लाकडी खांब आणि वायरिंग असताना ज्वाळा नको. तिथे पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून फटींत डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक मारून घेतलं. पूर्ण वाळेपर्यंत बंड्या गच्चीवर आणि मनी काकूंच्या घरात कोंडलेली. अंड्यांवर अशा फवाऱ्यांचा भरवसा नसतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मारावं लागतं. ‘एकदाच मारू, वर्षभर गॅरंटी’ म्हणणारा एक जण आमच्याकडेही येऊन गेला. त्याला चहा पाजून पाठवला. मग गवंडी लावून कंपाउंडच्या आणि ओट्याच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. बंड्याचं गोणपाट जाळलं आणि त्याला नायलॉन पट्टीची लोखंडी खाट केली. तिच्याखालून झाडता येतं, उन्हात उभी करता येते. त्या आधी रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली चाचपलं की मूठभर निघायच्या. आता आठवड्यात एखादी.

निघालेली गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. कुत्र्याच्या अंगाला रॉकेल चोळायचा उपाय आमच्याही घरात सुचवून झाला. कातडी सोलून निघते, आणि चाटलं तर पोटात जातं.

तपासण्यांबद्दल एवढंच की बरं झाल्यावर एर्लिकियाची झटपट किट टेस्ट पुन्हा करून घाबरू नका. ती प्रतिद्रव्यं शोधते आणि ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. बंड्याची टेस्ट आजही पॉझिटिव्हच येते. आम्ही दर काही महिन्यांनी साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतो आणि प्लेटलेट्स बघतो. गेल्या वेळी 2 लाख 40 हजार होत्या. केस पूर्वीसारखे दाट झालेत. अजिंक्यताऱ्याच्या चढावर मात्र पूर्वी पुढे पळायचा, आता अर्ध्यावर बसून घेतो. त्यातला आजाराचा भाग किती आणि आमच्या लाडाचा किती, ते डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत.

आता राहिली कंपाउंडबाहेरची कुत्री. ती तिथेच लोळतात, त्यांच्या अंगावरून पडलेली मादी आमच्याच भिंतीकडे येणार. म्हणून गल्लीत वर्गणी काढून त्यातल्या नेहमीच्या दोघांना हीच गोळी द्यायचं ठरवलंय. लॅब्रॅडॉरवाल्या काकांनी लगेच पैसे दिले. समोरच्या काकूंचं म्हणणं आहे की त्या कुत्र्यांना आधी गल्लीतून घालवा, मग वर्गणी मागा. त्यांच्याकडे रविवारी पुन्हा जाणार आहे.