मुलांच्या क्लिनिकसाठी सॉफ्टवेअर बदललं, काउंटरवरून रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मुलांच्या डॉक्टरांकडे काउंटर सांभाळते, म्हणजे सॉफ्टवेअर सर विकत घेतात आणि दिवसभर त्याच्याशी डोकं मी लावते. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण जुन्यावाल्यांशी हिशोब अजून मिटलेला नाही.

जुनं अगदीच टाकाऊ होतं असं नाही, पण ते मोठ्या माणसांच्या ओपीडीसाठी बनवलेलं होतं आणि आम्हाला मुलांसाठी चालेल म्हणून गळ्यात मारलेलं. त्यात पेशंटची ओळख म्हणजे मोबाईल नंबर. आता दीड वर्षाच्या पोराकडे कुठला आलाय मोबाईल, नंबर आईचा, मग दोन भावंडं आणि सुट्टीत आलेली नणंदेची मुलगी सगळे एकाच नंबरवर, आणि घाईत थोरल्याच्या नावावर धाकटीचं वजन पडायचं. आणि वजन म्हणजे आमच्याकडे सगळंच. पॅरासिटॅमॉलचं सिरप ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅमचं पण येतं आणि २५० चं पण, सर डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, त्यामुळे वजन चुकलं की एमएल चुकलेच. सर प्रत्येक वेळी आईला परत विचारायचे म्हणून निभावलं.

दुसरी गंमत बाळांच्या नावांची. नवीन बाळ येतं ते 'बेबी ऑफ सुनीता' म्हणून, बारसं झालं की नाव बदलायचं. जुन्यात नाव बदलायची सोयच नाही, नवीन फाईल उघडा म्हणे! मग बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, हिपॅटायटिस बी सगळं बेबीच्या फाईलमध्ये आणि सहा आठवड्यांच्या लसी आरोहीच्या.

शेवटी वर्षाची फी वाढवली तेव्हा सर वैतागले आणि शोधाशोध सुरू झाली. बहामनी नावाच्या हॉस्पिटल सॉफ्टवेअरचा विचार झाला होता, ते ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलमध्ये वापरतात. पण त्याला सर्व्हर सांभाळणारा कुणीतरी हवा, आणि आमच्याकडे आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी. सी-डॅक या सरकारी संस्थेचं ई-सुश्रुत हे हॉस्पिटल सॉफ्टवेअर पण कुणीतरी सुचवलं, ते सरांनी सरकारी हॉस्पिटलात पाहिलेलं, दोन खोल्यांच्या क्लिनिकला जड होईल म्हणाले.

डेमोला येणारी मुलं हुशार असतात, त्यांचा पेशंट ठरलेला, सर्दी-खोकला, तीन क्लिकमध्ये प्रिस्क्रिप्शन तयार. मी प्रत्येकाला एकच केस द्यायचे: जुळ्या मुली, नावं ठेवलेली नाहीत, आईचा एकच नंबर, त्यातल्या एकीची १० आठवड्यांची लस ताप होता म्हणून पुढे गेली, भरून दाखव. निम्मे तिथेच गळाले. एक तर म्हणाला मॅडम असं रोज थोडीच होतं. रोजच होतं रे बाबा.

जे घेतलं त्यात एका नंबरवर हवी तेवढी मुलं बसतात आणि नाव बदललं तरी फाईल तीच राहते. ग्रोथ चार्ट ५ वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचे, पुढे १८ पर्यंत आयएपीचे (भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना), आपोआप बदलतात. लसीचा बॅच नंबर टाकल्याशिवाय एंट्री पुढेच जात नाही, सुरुवातीला राग यायचा, आता बरं वाटतं. 'जेवणानंतर दोन वेळा' मराठीत छापून येतं. आभा नंबरची, म्हणजे सरकारी हेल्थ आयडीची, सोय आहे, १४ आकडी नंबर आईने पाठ करून येण्यापेक्षा क्यूआर स्कॅन करून नाव-पत्ता येतो ते झकास, पण बाळांचं आभा काढून आणणारे अजून फार थोडे.

खरा त्रास झाला तो डेटा काढताना. सही करायच्या आधी सगळे म्हणतात डेटा तुमचाच. सोडताना जुन्या कंपनीने काय दिलं, तर प्रत्येक पेशंटची एकेक पीडीएफ! त्यात शोधायचं काय आणि नवीनमध्ये चढवायचं कसं? २०१६ च्या सरकारी ईएचआर स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे पेशंटच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदींच्या नियमांत, स्पष्ट आहे की माहिती पेशंटच्या मालकीची, सरांनी ते ईमेलमध्ये लिहिलं, मग महिनाभर रडून एक्सेल आलं. त्यात तारखा अर्ध्या दिवस-महिना आणि अर्ध्या महिना-दिवस. ०५/०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे? लसीच्या तारखेत हे चालत नाही, त्यामुळे मूल आलं की आईकडचं कार्ड समोर ठेवून दुरुस्त करतोय, अजून चालू आहे. म्हणून या वेळी आधीच दहा खोटे पेशंट भरले, ते एक्सेलमध्ये बाहेर काढून बघितले आणि मगच सरांनी चेक दिला. हे डेमोच्या दिवशीच मागा, नाही म्हणाले तर चहा पाजून पाठवा.

स्टार कापले ते यासाठी की नेट गेलं की सगळं ठप्प, पावसाळ्यात मी कागदावर लिहून संध्याकाळी भरते. सपोर्टवाले फोन उचलतात पण सोमवारी सकाळी, जेव्हा बाहेर तीस आया उभ्या असतात, तेव्हा नाही. आणि लसीच्या आठवणीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पॅकेजमध्ये आहेत म्हणाले होते, बिलात वेगळे लागले. ते पैसे परत केले तर चार स्टार करते.