चौदा महिने वापरलेली सेकंडहँड कॅरॅव्हॅन: आधी गाडीची प्लेट वाचा

मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही नऊ वर्षं जुनी, एका अ‍ॅक्सलची, चौघांना झोपता येईल अशी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतली. किंमत 6,400 पाउंड. डेव्हन, वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट आणि मधल्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या धरून आजवर 37 रात्री तिच्यात काढल्या. इथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांनी अलीकडे विचारलं, "आम्हालाही घ्यायचीय, कुठली घेऊ?" मी तिघांनाही एकच विचारलं, "तुमच्या गाडीला किती वजन ओढायची परवानगी आहे?" कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आम्हीही सुरुवात उलटीच केली होती. मुलांना बंक बेड हवे होते, म्हणून बंक बेडवाली शोधली. एका खासगी विक्रेत्याकडे सुंदर सापडली, पडदेसुद्धा नवे. भरल्यावर तिचं कमाल वजन 1,420 किलो. "तुमचं डिझेल इंजिन आहे, आरामात ओढेल," असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी आगाऊ रक्कम द्यायला निघालो होतो. बायको म्हणाली, थांब, आधी आपल्या गाडीची प्लेट बघू.

ती म्हणजे नंबरप्लेट नव्हे, वजनाचे आकडे कोरलेली कंपनीची पट्टी. ती पुढच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असते. वरच्या दोन आकड्यांत पहिला म्हणजे गाडीचं भरलेलं कमाल वजन, दुसरा म्हणजे गाडी आणि मागचं वाहन मिळून कमाल वजन. आमच्या एस्टेटवर, म्हणजे लांब डिकीच्या गाडीवर, 1,960 आणि 3,260 होते. वजाबाकी 1,300, आणि ती कॅरॅव्हॅन 1,420 ची. संपला विषय. व्ही-फाइव्ह-सी या गाडीच्या नोंदणीच्या कागदावर ओ-वन या रकान्यातही ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा दिलेली असते, तीही जुळवून पाहा. काही हायब्रिड गाड्यांना तर ओढायची परवानगीच नसते.

ही झाली कायद्याची मर्यादा. नवशिक्यांनी त्याच्याही खाली राहावं, असं इथले कॅरॅव्हॅन क्लब सांगतात: कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत. आमची गाडी 1,430 किलोची, म्हणजे साधारण 1,215. हा सल्ला आहे, कायदा नव्हे, पण मी तो मनापासून मानतो. इंजिन ओढून नेतं हो, पण उतारावर, वाऱ्यात, ब्रेक लावताना मागचं धूड आवरायचं असतं ते गाडीला स्वतःच्या वजनावर. 16 डिसेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साध्या कारच्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. त्यामुळे लायसन्स आहे म्हणजे गाडीलाही झेपेल, असा गैरसमज सहज होतो.

मग 1,200 किलोच्या आतल्याच बघायच्या असं ठरवलं. त्यातली दुसरी पाहताना ओल म्हणजे काय ते कळलं. बाहेरून चकचकीत, आत लिंबाच्या स्प्रेचा वास. पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात मी अंगठा दाबला, तर भिंत भिजलेल्या खारीसारखी आत गेली. ओल मोजायचा मीटर लावला: मधल्या भिंतीवर 12 टक्के, त्या कोपऱ्यात 31. पंधरापर्यंत निश्चिंत राहावं, विसाच्या वर कारण शोधावं, तिशीला लाकूड कुजायला लागलेलं असतं. विक्रेत्याने "हवेतला दमटपणा" म्हटलं. आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. मीटर वीस पाउंडांत मिळतो, तो घेतल्याशिवाय कॅरॅव्हॅन बघायला जाऊच नका.

शेवटी जी घेतली ती एका निवृत्त जोडप्याची. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलमध्ये लावलेल्या, खिडक्यांवर कोरलेला नंबर चासीवरच्या नंबराशी आणि क्रिस या कॅरॅव्हॅनच्या नोंदवहीतल्या नोंदणीशी जुळणारा. टायरवरची नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि वर्ष, पाहिले तर टायर आठ वर्षांचे निघाले. कॅरॅव्हॅन वर्षातले बहुतेक दिवस उभीच असते, त्यामुळे टायर झिजत नाहीत, वयाने तडकतात. पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे नेऊच नयेत. किमतीतून तेवढे पैसे कमी करून घेतले.

आता जे मी आधी बघायला हवं होतं आणि बघितलं नाही, ते पेलोड, म्हणजे सामानासाठी उरणारं वजन. आमच्या कॅरॅव्हॅनचं रिकामं वजन 1,040, भरून कमाल 1,200. मधले 160 किलो आपले, असं वाटतं. पण आधीच्या मालकांनी बसवलेला मुव्हर, म्हणजे सोडवलेली कॅरॅव्हॅन जागेवर हलवायची मोटर, 34 किलो. बॅटरी 24. ऑनिंग, म्हणजे बाजूला जोडायचा तंबू, 26. राहिले 76, आणि त्यात चौघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, गॅसची टाकी, भांडी. आणि आपली भांडी! इथल्या लोकांचं एका फ्राइंग पॅनवर भागतं. आम्ही पाच लिटरचा कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणं आणि दहा किलोची कणकेची पिशवी घेतली होती. पहिल्या सहलीनंतर सार्वजनिक वजनकाट्यावर कॅरॅव्हॅन सोडवून तोलली: 1,238. म्हणजे अख्खा प्रवास आम्ही 38 किलो जास्त घेऊन, बेकायदा केला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

कारण त्याच प्रवासात ए-303 या मोठ्या रस्त्यावर एक प्रसंग घडला होता. ताशी 55 मैलांवर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि कॅरॅव्हॅन शेपूट हलवायला लागली. आरशात ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसत होती आणि स्टिअरिंग हातात हलकं झालं होतं. ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, एवढं वाचलेलं आठवलं म्हणून निभावलं. मागे मुलं होती. तेव्हा वाऱ्यामुळे झालं असं वाटलं. खरं कारण घरी आल्यावर कळलं: कणीक, कुकर, डबे, सगळं जड सामान मागच्या टोकाच्या कपाटात होतं. न्हाणीघरातला वजनकाटा हिचखाली, म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीला जोडायच्या टोकाखाली, ठेवून मध्ये लाकडी ठोकळा उभा केला आणि जॉकी व्हील, म्हणजे पुढचं आधाराचं छोटं चाक, वर घेतलं. नोजवेट, म्हणजे त्या टोकाचं गाडीवर पडणारं वजन, 41 किलो! कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के हवं, म्हणजे आमचं सत्तरच्या आसपास, आणि टो-बारची, म्हणजे गाडीमागच्या जोडदांड्याची, मर्यादा 75. आता जड ते सगळं चाकांच्या वर, जमिनीलगत. दर वेळी काटा लावतो. हेलकावे रोखणाऱ्या स्टॅबिलायझरच्या आतल्या पॅडना घर्षण मिळावं म्हणून टो-बॉल या जोडायच्या गोळ्यावरचं ग्रीसही पुसून काढतो. तेव्हापासून सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून वेल्सला दोनदा गेलो, चांगल्या वाऱ्यातही ती सरळ मागे राहिली.

बाकी किरकोळ. गॅलनला 50 मैल जाणारी गाडी ओढताना 30 वर येते. कॅरॅव्हॅनची रुंदी गाडीपेक्षा जास्त असल्याने जादा आरसे लावणं कायद्याने सक्तीचं आहे. ऑक्टोबरमध्ये थंडीत निळ्या टाकीतला ब्यूटेन पेटेना, आता लाल प्रोपेनच. रस्ता आधी नकाशात बघतो: यॉर्कशरमधल्या सटन बँकच्या चढावर कॅरॅव्हॅनला बंदीच आहे, आणि खंबाटकीत गाडी चालवलेल्या माणसालाही ती बंदी पटावी असा तो चढ आहे.

पुन्हा घ्यायची झाली तर? वजनाचा गट हाच, पण पेलोड दोनशेच्या वर असलेली शोधीन, भले बेड एक कमी असेल. चौदा महिन्यांत खंत फक्त एवढीच. लेक डिस्ट्रिक्टच्या पावसात आतल्या शेगडीवर पोहे परतताना खिडकीवर वाफ धरते आणि धाकटी तिच्यावर बोटाने मेंढ्या काढते. त्यासाठी मी वर्षभर काटे आणि मीटर सांभाळायला तयार आहे.

जूनमध्ये साताऱ्याहून आई येतेय. गाडीत पाचवं माणूस म्हणून हिशोब पुन्हा मांडला. सगळं बसतंय, मी ऑनिंगमध्ये झोपेन. परवा फोनवर तिने विचारलं, "बिडाचा तवा आणू का रे, तुझ्या त्या फिरत्या घराला चालेल का?" मागच्याच आठवड्यात ऑनिंगचे लोखंडी खांब देऊन फायबरग्लासचे घेतलेत, सहा किलो सुटलेत. म्हटलं, आण.