वाइपआउट, रेडआउट २ की बॅलिस्टिकएनजी: घेण्याआधी हातांना विचारा

हवेत तरंगणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण ट्रेलर बघून ठरवतात. ग्राफिक्स कुणाचे भारी, वेग कुणाचा जास्त, ट्रॅक किती. मला हे तिन्ही प्रश्न नंतरचे वाटतात. पहिल्या आठवड्यात आपण या गेममध्ये रमतो की वैतागून बाजूला ठेवतो, हे ठरतं ते वळणावर कोणत्या बोटाकडे कोणतं काम येतं यावरून. गाडीला चाकं नाहीत, रस्त्याची पकड नाही. नाक आत वळवलं तरी गाडी बराच वेळ जुन्याच दिशेला घसरत राहते. ही घसरण आवरायची कशी, याचं उत्तर प्रत्येक गेम वेगळं देतो, आणि ते कंट्रोलरवरच्या वेगळ्या बोटांना देतो.

म्हणून इथे तीन गेम हातांच्या बाजूने शेजारी शेजारी ठेवतो. प्लेस्टेशनवरचा वाइपआउट ओमेगा कलेक्शन (२०१७), पीसी आणि बहुतेक कन्सोलवर मिळणारा रेडआउट २ (२०२२) आणि फक्त पीसीवरचा बॅलिस्टिकएनजी (२०१८). निन्टेन्डोवाल्यांसाठी पुढे थोडं एफ-झिरोबद्दलही आहे.

वाइपआउट: वळण तर्जनीत असतं

वाइपआउटचा पहिला भाग १९९५ मध्ये लिव्हरपूलच्या सिग्नोसिस स्टुडिओतून आला. तेव्हाच्या प्लेस्टेशन कंट्रोलरला स्टिकच (अंगठ्याने हव्या त्या दिशेला ढकलायच्या दांड्या) नव्हत्या, फक्त डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं बटण. डी-पॅडवर वळण एकतर पूर्ण असतं नाहीतर शून्य. मग बारीक वळणं घ्यायची कशी? या मालिकेने त्याचं उत्तर एअरब्रेकमध्ये शोधलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना पंखासारखे फ्लॅप, डावा फ्लॅप कंट्रोलरच्या डाव्या खांद्याच्या (वरच्या कडेच्या) बटणावर, उजवा उजव्या. पुढे स्टिक आल्या तरी ही रचना तशीच राहिली आणि आजही वाइपआउटचा सगळा आत्मा त्या दोन तर्जन्यांमध्ये आहे. (त्याच वर्षी नामकोने नेगकॉन नावाचा कंट्रोलर काढला होता. तो मधोमध पिळला की गाडी वळायची. पहिल्या वाइपआउटमध्ये तो चालायचा आणि त्याच्यावर जीव टाकणारे लोक अजूनही आहेत.)

ओमेगा कलेक्शनमध्ये डाव्या स्टिकने दिशा, एक्स दाबून वेग, एल-२ आणि आर-२ वर एअरब्रेक, चौकोनावर हत्यार, वर्तुळावर ते हत्यार शोषून ढाल भरणं. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: उजवा अंगठा उभा धरू नका, आडवा टाका. अंगठ्याचा फुगीर भाग एक्सवर आणि टोक चौकोनावर. असा धरला की वेग न सोडता हत्यार सुटतं. उभ्या अंगठ्याने खेळणारा प्रत्येक वेळी एक्स सोडतो आणि प्रत्येक वेळी थोडा वेग गमावतो.

आता सेबेंको क्लाइम्बसारख्या ट्रॅकवरचं एखादं घट्ट उजवं वळण घ्या. नवा खेळाडू वळणात शिरतो, भिंत दिसली की स्टिक पूर्ण उजवीकडे दाबतो, मग घाबरून आर-२ दाबतो. उशीर झालेला असतो. बरोबर क्रम उलटा आहे. वळणाच्या अलीकडेच आर-२ चा हलका दाब द्यायचा, नाक आत वळू लागलं की स्टिक अर्ध्यावर आणायची, आणि वळणाचा मध्य येण्याच्या आधीच तर्जनी उचलायची. उरलेलं वळण गाडी स्वतःच्या घसरणीत पूर्ण करते. एअरब्रेक शेवटपर्यंत दाबून ठेवला तर गाडी वळते, पण बाहेर पडताना मेलेली असते.

यापुढच्या दोन युक्त्या वेगळ्या हातांना वेगळ्या वाटतील. एकाच बाजूचा एअरब्रेक दोनदा पटकन दाबला की गाडी त्या बाजूला सरकते, म्हणजे साइडशिफ्ट. हवेत असताना स्टिक डावी-उजवी-डावी झटकली की कोलांटी, जी थोडी ढाल खाते आणि जमिनीवर आल्यावर झटका देते. मला कोलांटी डी-पॅडवर स्वच्छ निघते आणि बारीक दिशा स्टिकवर, म्हणून मी उड्यांपुरता अंगठा डी-पॅडवर नेतो. साइडशिफ्टचा खरा अडथळा ट्रिगरचा (एल-२, आर-२ चा) लांब प्रवास. इतक्या खोल बटणावर दोन झटपट दाब बसत नाहीत. प्लेस्टेशनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते. तिथे एल-१ आणि एल-२, आर-१ आणि आर-२ आपसात बदलून पाहा. फरक पहिल्याच लॅपला जाणवतो. ही अदलाबदल संपूर्ण कन्सोलला लागू होते, तेवढं दुसरा गेम लावताना लक्षात ठेवा.

पायलट असिस्ट सुरुवातीला चालू ठेवायला हरकत नाही. तो भिंतीपासून गाडीला हळूच दूर ढकलतो. पण व्हेनम हा सगळ्यात हळू वेगाचा वर्ग संपवून त्यावरच्या फ्लॅशला पोचलात की बंद करा. तो चालू असला की तुमचा एअरब्रेक आणि त्याचा धक्का एकमेकांशी भांडतात आणि चूक कुणाची ते कळतच नाही. गाडी फेईसार घ्या. टॉप स्पीड कमी, पण वळते आज्ञाधारक मुलीसारखी. इकारास वेगवान आहे, ढाल मात्र कागदाची.

रेडआउट २: उजव्या अंगठ्याची नवी नोकरी

इटलीतल्या तुरीनच्या ३४ बिगथिंग्ज या स्टुडिओने रेडआउट मालिकेत घसरणीचं काम तर्जनीकडून काढून उजव्या अंगठ्याला दिलं. डावी स्टिक नाक वळवते. उजवी स्टिक डावी-उजवीकडे ढकलली की अख्खी गाडी आडवी सरकते, म्हणजे स्ट्रेफ, आणि वर-खाली ढकलली की नाक वर-खाली होतं, म्हणजे पिच. उजवं वळण घ्यायचं तर दोन्ही अंगठे उजवीकडे: नाकही आत, गाडीही आत. दोन्हींचा मेळ बसला की वेग न सोडता आतली कड धरता येते. एअरब्रेकमध्ये वळण विकत घ्यायला वेग मोजावा लागतो. इथे कौशल्य मोजावं लागतं.

पिचकडे दुर्लक्ष करून इथे चालत नाही. ट्रॅक लूप घेतो, उभा चढतो, एकदम खाली कोसळतो. चढ सुरू होताना नाक वर घेतलं नाही तर गाडीचं पोट घासतं आणि वेग डोळ्यांदेखत उतरतो. रेडआउट हे नावच वैमानिकांच्या अनुभवावरून आलंय: उलट्या जी-फोर्सने रक्त डोक्याकडे धावतं आणि नजर लाल होते. गेममध्येही टोकाच्या वळणांवर पडदा काळवंडतो किंवा लालसर होतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी शोधायला मला फार दिवस लागले. टेबलावर कंट्रोलर ठेवा आणि उजवा अंगठा स्टिकवरून डावीकडे ढकला. तो सरळ आडवा जात नाही. अंगठा बुंध्यापाशी अडकलेला असतो, त्यामुळे टोक कमानीत फिरतं. म्हणजे तुम्हाला हवा असतो फक्त डावा स्ट्रेफ, पण स्टिकला सोबत थोडा वर-खालीचा इशाराही मिळतो. नाक हलतं, पोट घासतं, आणि आपण समजतो की वळण चुकलं. यावर उपाय पीसीवर सोपा आहे. स्टीम या पीसी गेमच्या दुकानाच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये उजव्या स्टिकच्या डेडझोनचा (स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करतो त्या मधल्या भागाचा) आकार गोलाऐवजी अधिक चिन्हासारखा निवडता येतो. मग आडव्या ढकलीतला किरकोळ उभा इशारा गिळला जातो आणि पिच फक्त मुद्दाम दिला तरच लागतो. हा एक बदल केल्यावर माझ्या हातातला गेमच बदलला.

दुसरी अडचण सरळ आहे. उजवा अंगठा कायम स्टिकवर, मग ए-बी-एक्स-वाय बटणं दाबणार कोण? बूस्ट आणि हायपरबूस्ट खांद्यावरच्या बटणांवर हवेत. मागे पॅडल (जादा बटणं) असलेला कंट्रोलर असेल तर त्याचं खरं चीज इथेच होतं. पिच उलटा ठेवायचा की सरळ, हे पहिल्या दिवशी ठरवा. विमानांचे गेम खेळलेल्यांना स्टिक मागे ओढली की नाक वर गेलेलं हवं असतं. मधेच बदललंत तर आठवडाभर गाडी जमिनीत रुतेल.

रेडआउट २ मध्ये चालवण्याच्या मदतीच्या पायऱ्या आहेत. लाज न बाळगता वापरा. दोन अंगठ्यांची स्वतंत्र कामं एकदम शिकणं अवघड असतं. तबला शिकणारा आधी एकेका हाताचे बोल सरावतो, मग दोन्ही हात एकत्र येतात, तसंच आहे हे.

बॅलिस्टिकएनजी आणि निन्टेन्डो

बॅलिस्टिकएनजी पहिल्या प्लेस्टेशनच्या काळातल्या वाइपआउटवरचं प्रेम आहे. चित्रं मुद्दाम जुन्या वळणाची, एअरब्रेक तोच, पण गाडी जास्त तरंगते आणि चूक जास्त महागात पडते. साध्या लॅपटॉपवर धावतो, स्वस्त आहे, आणि स्टीम वर्कशॉपवर लोकांनी बनवलेले ट्रॅक आणि गाड्या आहेत. फ्लोरहगर नावाचा भौतिकीचा पर्याय गाडीला ट्रॅकला चिकटवून ठेवतो. नवख्याने त्यानेच सुरू करावं. कंट्रोलरची जुळवाजुळव करायला तिघांत हाच सगळ्यात मोकळा.

एफ-झिरो जीएक्स (२००३) वेगळ्याच घराण्यातला. तिथे एल आणि आरने गाडी बाजूला झुकते आणि सरकते, आणि शर्यतीआधी एक पट्टी ओढून प्रवेग की टॉप स्पीड हे निवडायचं असतं. पट्टी प्रवेगाकडे नेली की वळणं सोपी, टॉप स्पीडकडे नेली की गाडी वळणात बाहेर पळते. नवख्याने पट्टी मधून थोडी प्रवेगाकडेच ठेवावी. बूस्ट दुसऱ्या लॅपपासून मिळतो आणि तो तुमच्याच ऊर्जेतून जातो. स्विच २ वर गेमक्यूबच्या संग्रहात हा आता मिळतो. ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांनी तिकडेच जावं.

कुठलाही घ्या, आधी हे जुळवा

गाडी ताशी ७२० किलोमीटरने जातेय असं धरा. म्हणजे सेकंदाला २०० मीटर. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला सव्वातीन मीटरच्या वर. टीव्हीने चित्र सजवण्यात सेकंदाचा दहावा भाग घालवला तर तुम्ही वळण २० मीटर उशिरा बघताय. म्हणून टीव्हीचा गेम मोड चालू करणं ही कुठल्याही सेन्सिटिव्हिटीपेक्षा मोठी सुधारणा आहे. पीसीवर ब्लूटूथऐवजी केबल लावून बघा.

मग डेडझोन. सरळ रस्त्यावर अंगठा स्टिकवरून उचला आणि डेडझोन एकेक पायरी कमी करत जा. गाडी आपणहून वाकडी जायला लागली की दोन पायऱ्या परत वर. माझ्या एका जुन्या कंट्रोलरची डावी स्टिक झिजली होती. त्याला इतका डेडझोन द्यावा लागायचा की पहिला पाचवा हिस्सा स्टिक हलवून काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम गाडी वळायची. मी कित्येक दिवस स्वतःच्या हाताला दोष देत होतो. तसं होत असेल तर सेटिंगशी झटू नका, कंट्रोलर बदला. हॉल इफेक्ट स्टिकचे कंट्रोलर आता परवडणाऱ्या किमतीत आहेत. त्यात घासणारा भाग नसतो, वाचन चुंबकावर चालतं.

स्टिकचा वक्र (स्टिक किती ढकलली की गाडी किती वळेल हे ठरवणारं सेटिंग) मिळत असेल तर डाव्या स्टिकला मधे मऊ आणि कडेला जोरदार असा द्या, कारण सरळ रस्त्यावर सतत बारीक दुरुस्त्या लागतात. रेडआउटच्या उजव्या स्टिकला उलट, मधेच चपळ. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने, फक्त वेळेशी शर्यत) त्याच ट्रॅकवर पाच लॅप मारा. शर्यतीत तपासू नका. तिथे क्षेपणास्त्र लागून हरलात की सेटिंग चुकलं असं वाटतं.

मग घ्यायचा कुठला

प्लेस्टेशन असेल आणि यापूर्वी असला गेम खेळला नसाल तर वाइपआउट ओमेगा. जे इतर गाड्यांच्या गेममध्ये शिकलात ते तर्जनीच्या एका सवयीपुरतं बदलतं, बाकी तसंच राहतं. पीएस ५ वरही तो चालतो. पीसी साधा असेल, किंवा खिसा हलका असेल, किंवा जुन्या प्लेस्टेशनचे दिवस मनात असतील, तर बॅलिस्टिकएनजी. नेमबाजीच्या गेममध्ये दोन्ही स्टिक वर्षानुवर्षं वापरल्या असतील तर तुमचा उजवा अंगठा आधीच शिकलेला आहे, रेडआउट २ घ्या. माझं स्वतःचं मन रेडआउट २ कडे झुकतं. पण ज्यांच्या अंगठ्याला ताण सहन होत नाही, बुंध्यात दुखतं, त्यांना मी तो सुचवणार नाही. तासाभराने त्रास होतोच.

स्टीमवर घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलात तर पैसे परत मागता येतात. हे दोन तास कारकीर्द मोडवर घालवू नका. पहिली वीस मिनिटं डेडझोन आणि बटणं लावा. उरलेला वेळ एकाच सोप्या ट्रॅकवर टाइम ट्रायल करा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत बघा की वळण येताना तुम्ही अजून बटणांचा विचार करताय का.