फांद्यांची प्रवाळं ओळखायचं कार्ड: शंभरेक डाइव्हनंतर

हे प्लॅस्टिकचं कार्ड मी गेलं वर्षभर बीसीडीला (पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या डायव्हिंगच्या जॅकेटला) लटकवून नेतेय. खाऱ्या पाण्यानं छपाई उडालेली नाही, कोपरे मात्र सुटायला लागलेत.

घ्याच, असं मी सांगेन. कारण ते रंगरूप बाजूला ठेवून आधी फांदीच्या टोकाकडे बघायला लावतं. टोकावर नळीसारखी एक ठसठशीत वाटी (पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा इवलासा जीव, राहतो ती) आणि फांदीच्या अंगावर लहान लहान वाट्या दिसल्या, की ते ॲक्रोपोरा गटातलं प्रवाळ. पूर्वी मी तपकिरी फांद्या दिसल्या की ‘स्टॅगहॉर्न’ (फांद्यांच्या ॲक्रोपोराचं रुळलेलं नाव) लिहून मोकळी व्हायचे. कार्ड घेतल्यावर त्यातल्याच एका वसाहतीपाशी परत गेले, टॉर्च मारून टोक पाहिलं, तर तिथे नळी नव्हतीच! अंगभर चामखिळीसारखे उंचवटे आणि त्या उंचवट्यांवरही वाट्या. पोसिलोपोरा होतं ते. किती नोंदी चुकल्या असतील या विचारानं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

फांद्यांच्याच आणखी दोन प्रवाळांची, म्हणजे सेरिॲटोपोराच्या रांगेतल्या वाट्या आणि स्टायलोफोराच्या वाटीवरचा छोटासा छज्जा, ही दोन्ही चित्रं सुरेख आहेत.

आता तक्रारी. पोसिलोपोराच्या दोन फोटोंखाली ‘डॅमिकॉर्निस’ आणि ‘अक्युटा’ अशी नावं ठामपणे छापलीत. हे प्रवाळ लाटांच्या माऱ्यात आखूड, जाड वाढतं आणि शांत पाण्यात बारीक, लांब. दोन्ही जाती वर्षानुवर्षं एकच समजल्या जायच्या. २०१४ मध्ये जनुकीय पुराव्यावर त्या वेगळ्या मांडल्या गेल्या. नुसत्या आकारावरून हा निवाडा करायला लावणं मला पटत नाही. शिवाय सगळे फोटो फ्लॅशचे. खोल पाण्यात लाल रंग उरतच नाही, त्यामुळे तिथे ते जुळत नाहीत. वाट्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, तरी मापाची पट्टी कुठेच नाही.

सगळ्यात खटकलं ते मिलेपोरा (डंख करणारं ‘फायर कोरल’) वगळणं. ते खरं दगडी प्रवाळ नाही, म्हणून गाळलं असावं. पण मोहरीच्या रंगाच्या, पांढुरक्या टोकांच्या त्या फांद्या नवख्याला प्रवाळच वाटतात. वाट्या नसतात, टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं असतात. प्रवाहानं मला ढकललं आणि मनगट घासलं, तेव्हा आग आठवडाभर जात नव्हती.

त्या दोन फोटोंखालची जातीची नावं मी मार्करनं खोडून नुसतं ‘पोसिलोपोरा’ लिहिलंय, आणि मागच्या कोऱ्या बाजूला मिलेपोराचं चित्र काढलंय.