सात वाजता उघडा असलेला दवाखाना

मागच्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी आमच्या वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यातून महिन्याभराच्या बीपीच्या गोळ्या घेऊन बाहेर पडले. खांद्यावर शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी होती, ती घेऊन तशीच पुढे गिऱ्हाइकाकडे गेले. दोन वर्षांपूर्वी याच वेळेला या दाराला कुलूप असायचं. म्हणून हा अभिप्राय नुसत्या दवाखान्याचा नाही, ते कुलूप काढायला वस्तीने जे केलं त्याचाही आहे.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पूर्व नागपुरात, रिंग रोडच्या आत आहे एवढं पुरे. जुन्या अडचणी वाचून आज तिथे मनापासून काम करणाऱ्या सिस्टरकडे कोणी बोट दाखवावं, हे मला नको आहे.

हे शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. 2013 साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात साधारण 50,000 लोकांमागे असं एक केंद्र धरलेलं आहे. आमच्या भागात त्या पन्नास हजारांतले बहुतेक जण हातावर पोट असलेले. पुरुष कळमन्याच्या बाजारात हमाली करतात, इतवारीत दुकानांवर असतात, बांधकामावर जातात. बाया चार-चार घरची धुणीभांडी करतात. घरी यायला सहा-साडेसहा होतात. आणि दवाखाना दुपारी दोनला बंद. म्हणजे फुकट गोळी घ्यायची तर एक दिवसाची रोजी बुडवायची. मी घरीच शिवणकाम करते, तरी सकाळची वेळ म्हणजे गिऱ्हाईक यायची वेळ. लग्नसराईत तर मशीनवरून उठता येत नाही. मग मी काय करायची? मेडिकलच्या दुकानातून आठ दिवसांच्या गोळ्या आणायची, त्या संपल्या की पंधरा दिवस तशीच राहायची. एकदा मान जड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खासगी डॉक्टरकडे गेले, तर बीपी 180 वर. ‘गोळी काहून तोडली?’ म्हणून ते रागावले. खरं उत्तर त्यांना सांगितलं असतं तर ते दवाखान्याच्या वेळापत्रकाचं निघालं असतं.

सुरुवात आमच्या आशाताईंनी, म्हणजे वस्तीच्या आशा सेविकेने केली. प्रत्येक वस्तीत पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते, दहा-बारा बायांची, आणि तिला वर्षाला 5,000 रुपये मिळतात. आमची समिती होती, पण आम्ही फक्त सही करायला जमायचो. आशाताई म्हणाल्या, “सह्या पुष्कळ झाल्या जी. आता एक वही करू.” दोनशे पानी वही आणली. रोज संध्याकाळी आमच्यातल्या दोघी पाच ते आठ दवाखान्यासमोरच्या ओट्यावर बसायच्या. दाराशी जो येईल आणि कुलूप पाहून परत जाईल त्याची नोंद करायची. वार, वेळ, कशासाठी आला, पुढे कुठे गेला. नाव त्याला हवं असेल तरच लिहायचं.

ती वही अजून माझ्या घरी आहे. 6.20, बांधकामावरची बाई, कडेवर तापलेलं पोर, पुढे खासगीत. 6.45, कुत्रा चावलेला मुलगा, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवला. 7.05, शुगरच्या गोळ्या संपलेले आजोबा, तिसऱ्यांदा आले, घरी परत. 7.30, सहावा महिना असलेली सून, सासूसोबत, ‘सकाळी सुट्टी भेटत नाही’. चौदा संध्याकाळी आम्ही बसलो. तोपर्यंत मीही ‘दवाखाना बंद असतो’ एवढंच म्हणायची. वही वाचल्यावर कळलं की ‘बंद असतो’ हे सांगून काही होत नाही. कोण परत गेलं आणि कुठे गेलं, हे सांगावं लागतं.

माझी नणंद अमरावती जिल्ह्यातली. महाराष्ट्रात 2007 पासून पाच जिल्ह्यांत लोकांनीच सरकारी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवायचं काम सुरू झालं, त्यात अमरावतीही होतं. तिने ते तक्ते पाहिले होते. गावाने बसून एकेका सेवेला रंग द्यायचा. चांगली असेल तर हिरवा, मधली असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो तक्ता वाचायचा. आम्ही तसाच केला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, माझ्याकडच्या उरलेल्या अस्तराच्या चिंध्या डिंकाने चिकटवून. लसीकरण हिरवं. गरोदर बायांची तपासणी हिरवी. औषधं पिवळी. वेळ लाल. जे चांगलं होतं त्याला आम्ही हिरवंच लावलं, आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला. सिस्टरना दिसलं की या बाया भांडायला नाही आल्या.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज माझ्या भाच्याने लिहिला. साधा कागद, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. विचारलं एवढंच की ओपीडीची मंजूर वेळ काय, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आमचं उशिरा आलं, पण आलं. एक पद रिकामं होतं. आणि शहरी केंद्राची ओपीडी दुपारी 12 ते रात्री 8 असावी, ही सूचना अभियानाच्या आराखड्यातच आहे. म्हणजे आम्ही जे मागत होतो ते कोणीतरी आधीच विचार करून लिहून ठेवलेलं होतं.

विहारात सभा घेतली ती जागा मला अजून डोळ्यांसमोर दिसते. बाया चटईवर, पुरुष मागे उभे, भिंतीला तो चिंध्यांचा तक्ता. कार्यालयातून एक अधिकारी आले, दवाखान्यातून मॅडम डॉक्टर आणि सिस्टर. वही वाचून झाली. सगळ्यांना वाटलं आता साहेब काहीतरी बोलतील. पण उठल्या सिस्टर. म्हणाल्या, “मी थांबते आठपर्यंत. पण साडेआठला त्या बोळीतून मी एकटी घरी कशी जाऊ? लाइट नाही तिथे. मागे एकदा दारू पिऊन माणसं आत घुसली होती, तेव्हा तुमच्यातलं कोणी आलं नव्हतं.”

सभेत कोणी बोललं नाही. खरं होतं ते. आम्ही चौदा संध्याकाळी दारासमोर बसलो, पण दाराच्या आतल्या बाईला रात्री घरी कसं जायचं हे एकीनेही विचारलं नव्हतं. मग शेवटच्या ओळीतून भाजीचा ठेला लावणाऱ्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, मी रोज आठला ठेला उचलतो. तुम्हाला मेट्रो स्टेशनपर्यंत मी पोहोचवून देईन.” त्याच रात्री यादी झाली. रोज दोघी, आळीपाळीने. बोळीतल्या दिव्यासाठी वेगळा अर्ज दिला, तो लागायला तीन महिने गेले. तोपर्यंत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने आपल्या शटरवर स्वतःच्या मीटरचा मोठा बल्ब लावून दिला. माझ्या मते दवाखाना उघडला तो या सभेत. आदेश नंतर निघाला.

मधे पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत म्हणजे मोठाले पुतळे मिरवत निघतात, सोबत बडगे नावाचे टिंगलीचे पुतळे निघतात, आणि गावाला जे जे छळतं ते ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून हाकलतात. आमच्या पोरांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचं माणसाएवढं कुलूप बनवलं, त्यावर लिहिलं ‘दवाखान्याचं कुलूप घेऊन जा गे मारबत’. माझ्या सासूबाई ऐंशीच्या वर आहेत. दारात खुर्ची टाकून त्यांनी ते कुलूप जाताना पाहिलं आणि हात जोडले. रोगराई घेऊन जा म्हणत त्यांनी लहानपणापासून मारबतीला हात जोडले आहेत. त्या दिवशी दवाखान्यासाठी जोडले.

दिवाळीनंतर आधी आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळची ओपीडी सुरू झाली. रिकामं पद भरल्यावर सहा दिवस.

आता आजची सेवा कशी आहे ते सांगते. सहा ते साडेसात गर्दी असते, पण साडेसातनंतर दहा मिनिटांत नंबर लागतो. केस पेपर काढायचा, मग सिस्टर बीपी आणि वजन घेतात, मग डॉक्टर. मॅडम डॉक्टर मान वर करून बोलतात. गोळी का चुकली हे न रागावता विचारतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्या एकदम महिन्याच्या देतात, आणि कार्डावर पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहितात. माझा बीपी आठ महिन्यांपासून 140 च्या आत आहे. औषध खिडकीशेजारी फळा आहे, आज कोणतं औषध आहे आणि कोणतं नाही ते त्यावर लिहिलेलं असतं. ही मागणी आमच्या तक्त्यातली. नसलेलं औषध नसलेलं म्हणून लिहिलं की माणूस तासभर रांगेत उभा राहून हिरमुसत नाही.

गरोदर बायांची आणि लग्न ठरलेल्या पोरींची सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी होते. विदर्भात हे फार गरजेचं आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून रक्तात तो दोष असला, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. बोटातून थेंबभर रक्त घेतात, शंका आली तर पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. माझ्या भाचीची झाली, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचीही. तो संध्याकाळी सातला कामावरून थेट आला. सकाळी बोलावलं असतं तर आला नसता.

पावसाळ्यात आशाताई घरोघर कूलर पाहतात. नागपुरात उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीतच राहतो आणि टाकीत पाणी साचतं. डेंग्यूचा मच्छर तिथेच अंडी घालतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा ब्रशने घासायची. हे मला वर्तमानपत्रातून कळलं नव्हतं, आशाताईंनी माझ्याच कूलरच्या टाकीत बॅटरी मारून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या तेव्हा कळलं.

आता कमी काय आहे तेही लिहिलं पाहिजे. शुगर मोजायच्या पट्ट्या उन्हाळ्यात तीन आठवडे नव्हत्या. फळ्यावर तसं लिहिलं होतं, पण शुगरवाल्या माणसाने तीन आठवडे काय करायचं? डॉक्टर रजेवर गेल्या तर बदली डॉक्टर संध्याकाळी येत नाहीत. संडास आहे, पण किल्ली मागावी लागते, आणि म्हातारी माणसं ती मागायला लाजतात. दाराला तीन पायऱ्या आहेत, उतार नाही. माझ्या सासूबाईंना दोघांनी धरून वर न्यावं लागतं. समितीच्या पैशातून आम्ही बाहेर दोन बाक ठेवले, उताराचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही. त्याचा अर्ज दिलेला आहे.

सगळ्यात मोठी उणीव रक्ताच्या नमुन्याची. ओपीडी संध्याकाळी आहे, पण रक्त फक्त सकाळी घेतात, कारण नमुने नेणारी गाडी दुपारी येऊन जाते. संध्याकाळी डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि तपासणीसाठी पुन्हा सकाळची रोजी बुडते. माझ्या ओळखीच्या एका हमालाने तीन महिने चिठ्ठी खिशात घालून फिरवली. पाचपैकी मी चार देते, आणि एक राखून ठेवते तो यासाठी.

जाणार असाल तर जुना केस पेपर आणि घरी असलेली गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आभा कार्डाचा, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्राचा, नंबर विचारतात, असला तर सांगा. नसला तर ते सक्तीचं नाही, तपासतातच. सोमवारी टाळता आलं तर टाळा. आणि आठच्या सुमारास तिथे असाल, पाय मोकळे करायला वेळ असेल, तर सिस्टरसोबत स्टेशनपर्यंत चालत जा. त्या यादीत सध्या गुरुवार रिकामा आहे, भाजीवाल्या काकूंचा गुडघा दुखतो.

नवी वही कालच आणली. रकाने आखून झाले आहेत: वार, वेळ, कोणती तपासणी सांगितली, रक्त कधी दिलं. शेवटचा रकाना रुंद ठेवला आहे, त्यात किती दिवसांची रोजी बुडाली ते लिहायचं. सोमवारी संध्याकाळी पाचला आम्ही दोघी ओट्यावर बसतो आहोत.