यामाहा डीएक्स-७ आज घ्यावा का?

जुना डीएक्स-७ सिंथेसायझर बघायला गेलात तर वाजवायची घाई करू नका. आधी फंक्शन आणि मग १४ नंबरचं बटण दाबा. आतल्या बॅटरीचा व्होल्टेज डिस्प्लेवर येतो. तो तीनच्या आसपास हवा. फार खाली गेला असेल तर आतले ३२ आवाज कधीही पुसले जातील. ही सीआर२०३२ बॅटरी बोर्डावर सोल्डर केलेली असते. बदलताना तिथे बॅटरीचा होल्डरच बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग करावं लागणार नाही.

बॅटरी काढली की मेमरी गेली, म्हणून आवाज आधी मिडीने (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत) कॉम्प्युटरवर उतरवा. फंक्शनमध्ये ८ नंबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत 'सिस इन्फो' वर या, तिथे 'अव्हेल' करा आणि पुढच्या 'मिडी ट्रान्समिट' ला यस म्हणा. ३२ आवाजांची फाईल बरोबर ४,१०४ बाइटची होते. आकार वेगळा आला तर ती अर्धवट उतरली असं समजा. परत भरताना मेमरी प्रोटेक्ट (आवाज चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून असलेलं कुलूप) काढायला विसरू नका. 'आवाज लोड होत नाहीत' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

आता वाजवा. सगळ्या ६१ पट्ट्या, आधी हलक्या मग जोरात. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात आणि त्या दोहोंमधल्या वेळेवरून वेग मोजला जातो. धूळ बसली की तो हिशेब चुकतो: एखादा सूर उगाच ठणकतो, एखादा उमटतच नाही. साफसफाईने हे बहुधा सुटतं. डेटा स्लायडर (आकडे बदलायची सरकपट्टी) हलवताना आकडे उड्या मारत असतील तर तोही मळलाय. पट्ट्यांचा हाताला लागणारा दर्जा मात्र आजच्या बऱ्याच नव्या कीबोर्डांना लाजवणारा आहे. एक विचित्र गोष्ट माहीत असू द्या: याच्या पट्ट्या मिडी व्हेलॉसिटीच्या (पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा) कमाल १२७ पर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे बाहेरचा कीबोर्ड जोडून जोरात वाजवलं की तेच आवाज जास्त कर्कश येतात.

आवाजाबद्दल काय सांगावं! काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो, घंटा, टणक बेस हे सगळं फक्त सहा ऑपरेटर (लहरी निर्माण करणारे घटक) आणि ३२ अल्गोरिदमांतून (ते एकमेकांना जोडायच्या ठरलेल्या रचना) येतं. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेलं एफएम तंत्र, म्हणजे एका लहरीने दुसरीची फ्रीक्वेन्सी हलवून आवाज घडवणं, अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांनी नाकारलं, यामाहाने घेतलं. १९८३ मध्ये डीएक्स-७ आला, एका वेळी १६ सूर देणारा, आणि दीड लाखाहून जास्त विकला गेला. पाच सुरांचा, नॉबवाला सिंथेसायझर प्रॉफेट-५ बनवणारी सिक्वेन्शियल ही कंपनी १९८७ मध्ये यामाहाच्याच हाती गेली.

पण एफएमच्या पुढच्या घसरणीचं बीजही याच्याच पॅनेलवर आहे. नॉब नाहीत, सपाट बटणं, आकडे बदलायला एकच स्लायडर, बॅकलाइट नसलेला दोन ओळींचा डिस्प्ले. एका आवाजाचे दीडशेच्या आसपास आकडे एवढ्यातून बदलायचे. बहुतेकांनी तो नाद सोडला आणि फॅक्टरीचे आवाजच वाजवले. सगळीकडे तोच पियानो ऐकून कान विटले. १९८८ मध्ये तयार सॅम्पल्सचा (खऱ्या आवाजांच्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांचा) कॉर्ग एम१ सिंथेसायझर आल्यावर एफएम मागे पडलं, आणि नंतर लोक जुन्या धाटणीच्या, नॉबवाल्या अ‍ॅनालॉगकडेच परतले. यामाहाने २०१५ मध्ये सिक्वेन्शियल हे नाव त्या कंपनीचे संस्थापक डेव्ह स्मिथ यांना परत दिलं आणि २०२० मध्ये प्रॉफेट-५ पुन्हा बाजारात आला. मला ही दिशा योग्य वाटते: हाताशी नॉब असला की माणूस आवाज घडवायला लागतो.

मग घ्यावा का? नुसता आवाज हवा असेल तर नको. डेक्स्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर याच फाईली वाचतं आणि सहाही ऑपरेटर एका पडद्यावर दाखवतं. एफएम शिकायचं असेल तर तिथेच शिका. ज्यांना या पट्ट्या हव्यात, किंवा मूळ यंत्राच्या आउटपुटमधली ती बारीक खरखर हवी आहे, त्यांनी जरूर घ्यावा. आउटपुट मोनो आहे हे लक्षात ठेवा. आणि प्लग लावण्याआधी मागच्या बाजूचं लेबल वाचा: जपानसाठी बनवलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, २३० च्या सॉकेटला थेट लावलं तर पॉवर सप्लाय जळेल.