शाळेला वर्गणी द्यावी की वेळ? दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितोय

जूनच्या पालकसभेत पावती पुस्तक फिरतं आणि त्याच सभेत सर विचारतात, शनिवारी कोण कोण येणार मदतीला? पोरगं पहिलीत घातलेले नवीन पालक मला बरेचदा विचारतात की यातलं काय करायचं, दोन्ही तर झेपत नाही. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आता चौथीत आहे, पहिली दोन वर्षं मी फक्त पैसे दिले आणि नंतरची दोन वर्षं वेळ दिला, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो.

आधी पैशाचं. लोकवर्गणीला नावं ठेवायची नाहीत मला. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात कितीतरी गावांनी वर्गणी काढून वर्ग डिजिटल केले, शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत तर गावकऱ्यांनी शाळेला जमीन दिली. काही पालक म्हणतात सरकारी शाळा आहे, सरकार बघेल. त्यांचंही अगदीच चूक नाही, पण सरकारचा निधी येईपर्यंत आपलं पोरगं चौथी पास होऊन जातं. आणि ज्याची एमआयडीसीत फिरती शिफ्ट आहे त्याला पैसे देणंच सोपं, मी स्वतः तेच करत होतो. पाचशे दिले, दुसऱ्या वर्षी हजार दिले, पावती घेतली, विषय संपला. दोन वर्षांत शाळेचा कुठला वर्ग गळतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. वर्गणीतून घेतलेला टीव्ही दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडला तेव्हा दुरुस्तीसाठी परत वर्गणी निघाली, तेव्हा कुठे कळलं.

एक गोष्ट मात्र नवीन पालकांनी पक्की लक्षात ठेवा, वर्गणी ऐच्छिकच असते. प्रवेश देताना कुठल्याही शाळेने देणगी घेतली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आता मला खरं खटकलं ते सांगतो. दुसरीच्या वर्षी २६ जानेवारीच्या आधी वर्गणीदारांची यादी ग्रुपवर आली आणि ऑफिसबाहेरच्या फळ्यावरपण लागली, नाव आणि समोर रक्कम. ज्यांनी दिली नाही त्यांच्यासमोर लिहिलेलं, निरंक. त्यात एका ताईंचं नाव होतं, त्या दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जातात, आणि त्या आठवड्यात रोज कामावर जायच्या आधी येऊन शाळेचं अख्खं मैदान त्यांनीच झाडून काढलं होतं, मी स्वतः बघितलंय. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. यादीसमोर उभी राहून ती बोट ठेवून ठेवून वाचत होती, नुकतं सलग वाचता यायला लागलेलं, आईच्या नावापाशी आली आणि माझ्या मुलीला विचारलं, निरंक म्हणजे काय गं? माझ्या मुलीने घरी येऊन तेच मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण वरून चौथं नाव माझं होतं आणि मी त्या वर्षी शाळेत झाडू सोडा, पायसुद्धा ठेवला नव्हता. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण त्या दिवसानंतर माझं ठरलं.

वेळ देण्यातही त्रास आहेच. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात, मग रजा टाका. श्रमदानाला फोटोपर्यंत तीस जण असतात आणि टाकी धुवायला चौघं उरतात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आमच्याकडे कागदावर आहेतही, पण बोलतात ते पुरुषच, महिला सही करून मागे बसतात. हे बदलायला पाहिजे.

तरीपण मी खिचडीची चव घ्यायला जायला लागलो, गुरुवारचा दिवस माझा. मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसाने खाऊन बघायचं आणि रजिस्टरला सही करायची, काम दहा मिनिटांचं. पहिल्याच गुरुवारी दाताखाली खडा आला. म्हणून तांदूळ कुठे ठेवतात ते बघायला गेलो तर पोती थेट फरशीवर, खालून ओल लागलेली. दोघा पालकांनी घरच्या जुन्या फळ्या आणून खाली टाकल्या, स्वयंपाकीण मावशींना तांदूळ निवडायला आणखी एक जण मिळाली, आणि वर्गणी एक रुपया लागली नाही. पैसे देऊन मला हे कधीच दिसलं नसतं. शिवाय गुरुवारी मला बघून मुलीचा चेहरा जो फुलतो तो वेगळाच.

अर्थात प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, ज्याला खरंच जमत नाही त्याने बिनधास्त पैसे द्यावेत, शाळेला तेही लागतात. पण महिन्यातून एक सकाळ निघत असेल तर माझ्या मते आधी ती द्या. मी यंदा पाचशे दिलेत आणि पावतीवर 'एक पालक' एवढंच लिहायला सांगितलं, गुरुवार चालूच आहे. सभेत मी एकच मागणी केली, यादी लावायची तर खर्चाची लावा, कुठे किती गेले त्याची, कोणी किती दिले त्याची नको. सर हो म्हणालेत, २६ जानेवारीच्या आधी फळा बघून येणार आहे.